मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा : दादरमधील एका नेत्रचिकित्सालयाच्या सेवेचे परीक्षण

दादर पश्चिमेकडील एका खासगी नेत्रचिकित्सालयाच्या रेटिना विभागात माझ्या वडिलांवर उपचार चालू आहेत. वडील बेस्टमधून निवृत्त झाले असून त्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे, आणि त्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर कमीअधिक परिणाम झालेला आहे. चिकित्सालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या लेखनातून कोणाची जाहिरात किंवा बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही. अशा सेवेचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे यंत्रे किती आणि किती महाग आहेत यापेक्षा, गेल्या दहाबारा वर्षांत झालेल्या संशोधनाचा आधार घेऊन डॉक्टर समोरच्या एका डोळ्याबद्दल कसा निर्णय घेतात आणि तो रुग्णाला किती स्पष्टपणे सांगतात, हे पाहावे असे माझे मत झाले आहे. या कसोटीवर हा विभाग चांगला उतरतो. कागदपत्रे, प्रतीक्षा आणि विमा या बाबतींत मात्र तो बराच कमी पडतो.

वडिलांना येथे पाठवले ते त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांनी. त्यांच्या दवाखान्यात पडद्याचा फोटो काढणारा लहान कॅमेरा आहे आणि त्या फोटोचे वाचन कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली करते. अशा प्रणालींचा इतिहास फार जुना नाही. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पडद्याच्या फोटोंवरून मधुमेही रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहामुळे पडद्याला होणारा आजार, ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यासाठी वापरलेल्या फोटोंमध्ये भारतीय नेत्ररुग्णालयांतील फोटोही होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या वाचनाशिवाय स्वतः निष्कर्ष देणाऱ्या पहिल्या प्रणालीला परवानगी दिली. तिच्या मुख्य चाचणीत ९०० रुग्ण होते. ज्यांना खरोखर आजार होता त्यांपैकी ८७ टक्के रुग्ण तिने ओळखले आणि ज्यांना तो नव्हता त्यांपैकी जवळपास ९१ टक्के रुग्णांना बरोबर वगळले. भारतात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या लोकांचे पडदे दरवर्षी नेत्रतज्ज्ञांनीच तपासायचे म्हटले तर ते होणे नाही. आजार सुरुवातीला कोणतीही जाणीव करून देत नाही आणि दिसणे कमी झाल्यावर रुग्ण येतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यातच फोटो निघणे ही मी या काळातील अत्यंत उपयुक्त सुधारणा मानतो.

माझा आक्षेप आहे तो चिकित्सालयाच्या प्रतीक्षागृहातील फलकाला. कृत्रिम बुद्धिमत्तेची तपासणी ‘१०० टक्के अचूक’ असल्याचे त्यावर लिहिले आहे. हा आकडा कोठून आला असावा याचा अंदाज करता येतो. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवर, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या एका प्रणालीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २१३ रुग्णांच्या फोटोंचे वाचन झाले आणि पुढे पाठवण्याजोगा आजार असलेला एकही रुग्ण सुटला नाही. काम खरोखर मोलाचे आहे आणि ते आपल्याच शहरातील साध्या दवाखान्यांत झाले याचा मला आनंद वाटतो. परंतु आजार असलेल्यांची संख्या लहान असल्यामुळे त्या शंभर टक्क्यांची सांख्यिकीय खालची मर्यादा सुमारे ७८ टक्के होती, म्हणजे खरे प्रमाण तेवढे कमीही असू शकते, आणि आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण ८८.४ टक्के होते, म्हणजे निरोगी शंभरांतील अकराबारा जणांना पुढच्या तपासणीचा हेलपाटा पडणारच. शिवाय मोतीबिंदू पिकत आलेला असला तर फोटो धूसर येतो आणि प्रणालीला वाचताच येत नाही. रेटिनोपथीसाठी तयार केलेली प्रणाली काचबिंदू नसल्याची हमीही देत नाही. हे सर्व मला याच विभागाच्या डॉक्टरांनी विचारल्यावर नीट सांगितले. मग फलकावर ते का नसावे?

फोटोनंतरची पायरी म्हणजे ओसीटी (ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी) ही तपासणी. १९९१ मध्ये या पद्धतीचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि आज पडद्याच्या आजारांचे बरेचसे निर्णय तिच्या आधारे होतात. सोनोग्राफीत ध्वनीचा परावर्त मोजतात, येथे अवरक्त प्रकाशाचा मोजतात. त्यामुळे पडद्याचे थर काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाव्याने उभ्या छेदात दिसतात, आणि डोळ्याला स्पर्शही होत नाही. साध्या फोटोत रक्ताचे ठिपके आणि पांढरे साके दिसतात, पण मध्यभागी पाणी साचून आलेल्या सुजेची जाडी दिसत नाही. ती ओसीटीतच कळते. येथील यंत्र चालवणाऱ्या ताई अतिशय शांतपणे काम करतात. ‘काका, हनुवटी इथे टेका, हिरव्या खुणेकडे बघा, आता पापणी मिटू नका’ असे त्या प्रत्येक वेळी मराठीत सांगतात आणि हात थरथरणाऱ्या वृद्धांना घाई करत नाहीत. छेद घेतल्यावर तो डॉक्टरांच्या संगणकावर लगेच उमटतो. उजव्या डोळ्यात मध्यभागाची जाडी सुजेमुळे ४३० मायक्रॉन झाली होती आणि त्या डोळ्याने चष्म्यासह ६/२४ पर्यंतच वाचता येत होते. डाव्या डोळ्यातही मध्यभागी थोडी सूज होती, पण नजर ६/६, म्हणजे सामान्य, होती.

या दोन डोळ्यांबाबत डॉक्टरांनी दोन वेगळे निर्णय घेतले आणि ते का घेतले हे समजावून सांगितले, हेच या सेवेचे सर्वांत मोठे बळ आहे. डाव्या डोळ्यात त्यांनी इंजेक्शन दिले नाही. सूज दिसत असताना काहीच न करणे वडिलांना पटेना, तेव्हा डॉक्टरांनी डीआरसीआर नेटवर्क या पडद्याच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील गटाच्या २०१९ च्या अभ्यासाचा आधार दिला. त्यात मध्यभागी सूज असूनही नजर चांगली असलेल्या ७०२ रुग्णांना तीन गटांत विभागले होते : एका गटाला सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट या सूज उतरवणाऱ्या औषधाची इंजेक्शने, दुसऱ्याला लेसर आणि तिसऱ्याला केवळ निरीक्षण. नजर खालावू लागली तर नंतरच्या दोन गटांनाही इंजेक्शन मिळत होते. दोन वर्षांनंतर नजर तपासण्याच्या तक्त्यावरील किमान पाच अक्षरांनी नजर कमी झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १६, १७ आणि १९ टक्के होते, म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. निरीक्षणाच्या गटातील सुमारे एकतृतीयांश रुग्णांनाच पुढे इंजेक्शनची गरज पडली. ‘काका, थांबणे म्हणजे सोडून देणे नाही, तुम्ही ठरलेल्या तारखेला आलात तरच हा मार्ग सुरक्षित आहे,’ असे डॉक्टर म्हणाले, आणि तारीख चुकू नये म्हणून त्यांच्या कार्यालयातून खरोखरच आदल्या दिवशी फोन येतो. ज्या चिकित्सालयाला इंजेक्शनमागे उत्पन्न मिळते त्याने ते न देण्याचे कारण एवढ्या निगुतीने सांगावे, याला मी फार महत्त्व देतो.

उजव्या डोळ्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण त्यात पैशाचाही विचार होता. रक्तवाहिन्यांतून पाझर वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवणारी औषधे डोळ्यात टोचली की सूज उतरते, आणि त्यांपैकी बेव्हासिझुमॅब हे मूळचे आतड्याच्या कर्करोगासाठी परवाना मिळालेले औषध डोळ्यासाठी लहान मात्रेत वापरले तर खर्च पुष्कळ कमी येतो. २०१५ मध्ये याच नेटवर्कने तीन औषधांची तुलना प्रसिद्ध केली. नजर फारशी खालावलेली नसेल तर तिन्हींत फरक नव्हता. परंतु नजर ६/१५ किंवा त्याहून वाईट असलेल्या डोळ्यांत एका वर्षानंतर अफ्लिबरसेप्टने सरासरी १८.९ अक्षरांची, तर बेव्हासिझुमॅबने ११.८ अक्षरांची सुधारणा झाली. एवढेच ऐकले तर महाग औषधच घ्यावे असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनी त्यापुढचा, २०२२ चा अभ्यासही सांगितला. त्यात अशाच डोळ्यांपैकी काहींना आरंभापासून अफ्लिबरसेप्ट दिले, आणि इतरांना आधी बेव्हासिझुमॅब देऊन अपेक्षित गुण न आल्यास नंतर अफ्लिबरसेप्टवर नेले. दोन वर्षांतील सरासरी सुधारणा पहिल्या गटात १५ आणि दुसऱ्यात १४ अक्षरे होती. दुसऱ्या गटातील ७० टक्के डोळ्यांना औषध बदलावे लागले, ही बाबही त्यांनी लपवली नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला या दोन्ही आकड्यांची गरज असते : स्वस्त औषधाने सुरुवात केल्याने डोळ्याचे नुकसान होत नाही, परंतु पुढे खर्च वाढण्याची शक्यता मोठी आहे. वडिलांनी बेव्हासिझुमॅबपासून सुरुवात केली, पुढे औषध बदलावे लागले, आणि आता उजव्या डोळ्याची जाडी ३१० मायक्रॉनवर आली असून नजर ६/१२ आहे.

बेव्हासिझुमॅबची एक मोठी कुपी अनेक लहान सिरिंजांत विभागली जाते आणि त्या कामात निर्जंतुकता राखली गेली नाही तर एकाच वेळी अनेकांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून सिरिंज कोठे भरल्या जातात हा प्रश्न रुग्णाने विचारलाच पाहिजे. येथे तो विचारल्यावर कोणी नाराज झाले नाही. सिरिंजवरील तुकडी क्रमांक आणि मुदत दाखवली गेली आणि केसपेपरवर नोंदही झाली. इंजेक्शन शस्त्रक्रियागृहातच देतात. बधिर करणारे थेंब, नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, पापण्या उघड्या ठेवणारी चाप, आणि मग काही क्षणांचे काम. दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा दिसणे कमी झाले तर रात्रीसुद्धा फोन करावा असे तोंडी आणि लेखी सांगतात.

नवीन औषधांबद्दलची डॉक्टरांची भूमिकाही मला संयत वाटली. व्हीईजीएफबरोबर आणखी एका प्रथिनाला अडवणाऱ्या फॅरिसिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ च्या जानेवारीत मान्यता मिळाली आणि त्याच्या चाचण्यांत मधुमेही सूज असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना वर्षअखेरीस दोन इंजेक्शनांत सोळा आठवड्यांचे अंतर ठेवता आले. वडिलांसारख्या माणसाला लोकलच्या गर्दीतून कमी वेळा यावे लागणे हा लहान लाभ नव्हे. तरीही औषध चालू असताना गुण येत असेल तर केवळ नवे म्हणून बदलू नये, असे डॉक्टरांचे मत पडले. २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या ब्रोल्युसिझुमॅब या अशाच नव्या औषधानंतर काही रुग्णांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांना दाह झाल्याचा इशारा २०२० मध्येच द्यावा लागला होता, हे ध्यानात घेता मला त्यांचे म्हणणे पटते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे अहवाल मागावेत ही अपेक्षा येथे पूर्ण होते. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधील एका चाचणीत फेनोफायब्रेट या चरबीवरील जुन्या, स्वस्त गोळीने रेटिनोपथी बळावण्याचा किंवा तिच्यावर उपचार करावे लागण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याबद्दल मधुमेहतज्ज्ञांशी बोलावे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन पाहूनच निर्णय घ्यावा, अशी चिठ्ठी त्यांनी आपण होऊन दिली.

आता उणिवा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यानंतर डॉक्टरांची वेळ येईपर्यंत रुग्णांना फार ताटकळावे लागते, कधी कधी थेंबांचा परिणाम उतरून ते पुन्हा घालावे लागतात. मधुमेही वृद्ध उपाशी किंवा अर्धपोटी बसलेले असतात आणि प्रतीक्षागृहात पाण्याखेरीज काही मिळत नाही, याचा विचार व्यवस्थापनाने केलेला दिसत नाही. परतताना उन्हात डोळे दिपतात, रानडे रोडच्या फेरीवाल्यांतून वाट काढणे एकट्याला जमत नाही; सोबत माणूस आणि काळा चष्मा असावाच. अहवाल आणि संमतिपत्र दोन्ही केवळ इंग्रजीत आहेत. दोन डोळ्यांबद्दलचे एवढे सुंदर विवेचन डॉक्टर मराठीत करतात आणि सही मात्र ज्याचा अर्थ वडिलांना लागत नाही अशा कागदावर घेतली जाते, हे मला मुळीच मान्य नाही.

सर्वांत गंभीर तक्रार विमा कक्षाविषयी आहे. रुग्ण चोवीस तास दाखल नसतो, म्हणून इंजेक्शनला विमा मिळत नाही, असे आम्हाला खिडकीवर ठामपणे सांगण्यात आले. वास्तविक विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या आधुनिक उपचारांचा समावेश केला त्यांत डोळ्यात द्यावयाच्या या इंजेक्शनांचा स्पष्ट उल्लेख आहे. पॉलिसीनुसार रकमेची मर्यादा असू शकते, एवढेच. आम्ही पॉलिसीची प्रत दाखवल्यावर दावा दाखल झाला आणि खर्चाचा काही भाग परत मिळाला. ज्यांनी ती प्रत वाचली नाही, त्यांनी किती रक्कम खिशातून भरली असेल याची मला काळजी वाटते.

मधुमेह असलेल्या आईवडिलांना पडद्याच्या उपचारासाठी मुंबईत कोठे न्यावे असे कोणी मला विचारले, तर या विभागातील डॉक्टरांकडे मी निःशंकपणे पाठवीन. जाताना एचबीए१सी (साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी) आणि क्रिएटिनीनचे ताजे अहवाल, आधीच्या ओसीटीच्या प्रती, पॉलिसीचा कागद आणि खाण्याचा डबा बरोबर न्यावा, आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. संमतिपत्र मराठीत द्यावे आणि प्रतीक्षागृहातील फलक दुरुस्त करावा, असा अर्ज मी व्यवस्थापनाकडे लेखी दिला आहे. फलक अद्याप तसाच आहे. संमतिपत्राचे भाषांतर चालू असल्याचे मला कळवण्यात आले आहे.