७० पौंडांचा ‘हंटिंग’ कंपाउंड बो: मैदानावर जरूर, शेताच्या बांधावर नको

खोक्यावर शिंगाळ्या हरणाचं चित्र. आत ३० ते ७० पौंड ड्रॉ वेटचा (दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा) कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, नेम धरायची साइट, बाण टेकवायची रेस्ट, दोरी सोडायची रिलीज, कार्बनचे बाण आणि तीन पात्यांची ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार टोकं. ऑनलाइन मिळणारा हा संच खानदेशात दोघांना भुरळ घालतो: तिरंदाजी शिकू पाहणाऱ्या पोरांना, आणि मक्यात-केळीत शिरणाऱ्या रानडुकरांनी, रोह्यांनी जेरीस आणलेल्या शेतकऱ्यांना. पहिल्यांनी घ्यावा. दुसऱ्यांनी घेऊ नये, आणि ते फक्त कायद्याच्या भीतीने नव्हे.

बो म्हणून माल चांगला आहे. लेट-ऑफ ८० टक्के, म्हणजे ६० पौंडांवर लावला तरी पूर्ण ओढल्यावर १२ पौंडच धरून ठेवावे लागतात. मात्र पेटीतून काढला की लगेच ओढू नका. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. ७० इंच भरले तर ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २८ इंच. कॅमवरचं (टोकाच्या चाकावरचं) लांबी ठरवणारं मॉड्यूल त्या खुणेवर आणा. लांबी जास्त राहिली तर दोरी कोपराच्या आतल्या बाजूला सणसणीत बसते, खांदा वर चढतो आणि बाण डावी-उजवीकडे फाकतात. मग दोन्ही लिंब (धनुष्याचे वाकणारे बाहू) जिथे बसवलेत ते बोल्ट अगदी सारखे फिरवून ड्रॉ वेट ४० पौंडांच्या आसपास उतरवा. स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची कमाल मर्यादा आहे, तेव्हा जाहिरातीतल्या ७० ला भुलू नका.

खरी खोट बाणांत आहे. ड्रॉ वेटच्या दर पौंडामागे बाणाचं वजन किमान ५ ग्रेन हवं. ६० पौंडांना ३०० ग्रेन, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅम. संचातले बाण त्याहून हलके भरतात. फार हलका बाण सोडणं म्हणजे जवळजवळ दोरी रिकामी सोडणंच: लिंबला चीर जाते, दोरी कॅमवरून उडते. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, जळगावात काट्याला काही तोटा नाही. प्रत्येक वेळी बाण हलकेच वाकवून कानाशी धरा. करकर ऐकू आली की मोडून टाका. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या पंजात घुसतात.

आता खोक्यावरच्या चित्राचं. बाण मारतो तो रक्तस्रावाने. पातं दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं तर जनावर काही सेकंदांत कोसळतं, तेही बरंच पळून. तोच बाण वीतभर मागे, पोटात बसला तर ते तासन्‌तास तडफडतं. असा बाण सेकंदाला ८० मीटरच्या आसपास जातो, आवाज ३४० मीटर. ३० मीटरवर दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंदाहून अधिक आधी पोचतो आणि तेवढ्यात जनावर दबून उसळी घेतं. त्यात रात्र, मक्याची ताटं आणि बाणाची दिशा बदलायला पुरेसं असलेलं केळीचं एक पान. रानडुकराच्या खांद्यावर चिवट ढाल असते, चरबीने जखम बुजते, रक्ताचा माग तुटतो. अमेरिकेत मेरिलँडमध्ये चाचणी देऊन पात्र ठरलेल्या शिकाऱ्यांच्या नोंदींतही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती लागली नाहीत. आपल्याकडे ते जखमी डुक्कर ज्वारीत दडून बसणार आणि पहाटे पाणी धरायला गेलेल्या माणसावर येणार. हे कोणत्याही पिकाच्या मोलाचं नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहेत, आणि शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीत सापडलात तर ३ ते ७ वर्षं. पीक गेलं असेल तर फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका.

धडगाव-अक्कलकुव्याकडचा भिल्ल-पावरांचा तीरकामठा या संचाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. बांबूचा कामठा आणि दोरीही बांबूच्याच चिरीची. लेट-ऑफ नाही, साइट नाही. पाठीचे स्नायू तयार करायला तोच सरस.

उन्हाळ्यात जपा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा बंद गाडीत ठेवलेल्या बोची दोरी लांबते, पीप (दोरीत बसवलेलं नेम धरायचं छिद्र) फिरतो, लिंबचे थर सुटू शकतात. दोरीला नियमित मेण लावा, पण बो प्रेसशिवाय, म्हणजे बो दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राशिवाय, ती काढू नका. आणि मागवताना ब्रॉडहेडऐवजी १०० ग्रेनचे फील्ड पॉइंट, म्हणजे पाती नसलेली साधी टोकं, असलेला संच निवडा. ब्रॉडहेड फोमच्या टार्गेटच्याही चिंध्या करतात.