ग्रेसी फील्ड्स की जॉर्ज फॉर्म्बी?

दोघंही जुन्या काळातले लाडके ब्रिटिश गायक-विनोदवीर, दोघंही इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्याचे, ती रॉचडेलची (जन्म १८९८), तो विगनचा (१९०४). गाणं आणि हसवणं दोघांनाही एकत्रच जमायचं, पण तऱ्हा वेगळ्या.

जॉर्जचा आवाज म्हणाल तर बेताचाच. खरी कमाल उजव्या हातात. त्याचं वाद्य बॅन्जोलेले, म्हणजे युकुलेलेसारख्या चार तारा, पण खाली बॅन्जोसारखं कातडं ताणलेलं. मनगट सैल सोडून तो असा काही ठेका मोडायचा की चावट ओळ कधी निसटून गेली कळायचंच नाही. बीबीसीला मात्र कळायची! खिडक्या पुसणाऱ्याचं त्याचं १९३६चं गाणं त्यांना खटकलंच.

ग्रेसीकडे गळा होता. लहानपणी कापडगिरणीत राबलेली ही बाई ऑपेराच्या थाटात वरचा सूर लावायची आणि पुढच्याच क्षणी स्वतःच त्याची फजिती करून टाकायची. दुसऱ्या महायुद्धात इटली ब्रिटनच्या शत्रूपक्षात, म्हणून १९४० मध्ये इटालियन नवऱ्यापायी तिने ब्रिटन सोडलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला धारेवर धरलं. सैनिकांसाठी ती गातच राहिली, ते सोयीस्करपणे विसरून.

शीण घालवायला जॉर्ज बेस्ट. पण रेकॉर्ड एकच निवडायची तर माझं मत ग्रेसीला. तो सूर जॉर्जला सात जन्मांत लागला नसता.