प्लास्टिकचं किट जोडावं की डायकास्ट उघडावी?

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक छोटी फोक्सवॅगन बीटल गाडी उभी आहे. तामिया या जपानी कंपनीच्या किटची, १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, फिकट निळी. घरी कुणी आलं की पहिलं बोट तिच्याकडेच जातं. तिला ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा नाही, हे आजवर एकाही पाहुण्याच्या लक्षात आलेलं नाही. मला मात्र तिच्याकडे पाहिलं की आधी तीच मोकळी जागा दिसते.

छोट्या गाड्यांचा नाद लागू पाहणारे लोक मला विचारतात तेव्हा बहुतेक जण एकाच फाट्यावर थांबलेले असतात. किट आणून एकेक भाग कापून जोडायचा, की दुकानात टांगलेली तयार डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली धातूची छोटी गाडी, आणून, उघडून, खरवडून, आपल्या मनाजोगी करायची? मी आधी पाच वर्षं किट जोडली. त्यानंतरची चार वर्षं डायकास्टशी झटतोय. दोन्हींचे डाग एकाच टेबलावर आहेत, त्यामुळे थोडंफार बोलायचा हक्क मला आहे असं समजतो.

आधी किटची बाजू, कारण मान तिचाच मोठा. गाडी कशी बनते हे किट जोडल्याशिवाय हाताला कळत नाही. बीटलचं इंजिन मागे असतं, त्याचे चार सिलिंडर समोरासमोर आडवे झोपलेले असतात, हे मी शाळेपासून ऐकून होतो. पण ते नखाएवढं इंजिन चिमट्यात धरून मागच्या पोकळीत बसवलं, तेव्हा त्या गाडीची पाठ तशी उतरती का आहे ते पहिल्यांदा उमगलं. जपानी किटचे भाग एकमेकांत असे बसतात की चिकटवण्याआधीच काम झाल्यासारखं वाटतं. तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा ही सगळी मंडळी जपानच्या एकाच शिझुओका प्रांतातली. तिथल्या पाण्यात काहीतरी असावं. पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा, ब्रश सांध्यावर नुसता टेकवायचा. ते आपोआप फटीत धावतं, दोन्हीकडचं प्लास्टिक किंचित वितळवतं आणि सांधा एकजीव होतो. हे सुख डायकास्टमध्ये नाही. तिथे सगळा मामला धातूचा आणि धसमुसळा.

रंगाचंही तसंच. सतरा सेंटिमीटरच्या बॉडीवर लॅकरचे तीन पातळ हात, मग क्लिअरचा पारदर्शक हात, मग पॉलिश. हे नीट जमलं तर खिडकीचे गज त्यात दिसतात. १:६४ च्या सहा-साडेसहा सेंटिमीटरच्या डायकास्टवर तेवढाच जाड हात बसला की दाराच्या रेषाच बुजतात. लहान गाडीला रंग कमी लागतो, पण माफी त्याहून कमी मिळते.

पण इंदूरमध्ये बसून किट करायचं म्हणजे रंगांची वाट पाहणं आलं. किट कुरिअरने येतं. स्प्रेचे डबे ज्वलनशील, ते विमानाने येत नाहीत. रस्त्याने, त्यांच्या सवडीने येतात. माझी एक निसान स्कायलाइन फक्त काळ्या सेमी-ग्लॉस (अर्धवट चकाकीच्या) रंगासाठी सव्वा महिना बिनरंगाची उभी होती. त्यात पावसाळा. आमच्या माळव्याच्या हवेचं सगळे कौतुक करतात आणि ते खरंही आहे, पण जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत लॅकर मारून बघा, पांढुरकी साय धरते. मी दिवाळीनंतरच रंगवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे रंगासाठी सोन्यासारखे महिने आहेत.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. वाट पाहणं हा या छंदाचा अर्धा भागच आहे. किटपासून माझं मन उडालं ते त्या आरशामुळे.

क्रोमचा भाग होता, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. फ्रेममधून कापला, चिमट्यात धरला, दाराजवळ नेला, आणि चिमट्याच्या टोकातून तो टिचकी मारल्यासारखा उडाला. हा छंद करणाऱ्या प्रत्येकाने तो आवाज ऐकलेला असतो. आवाज होतो आणि मग काहीच होत नाही. रात्री साडेअकराला टॉर्च जमिनीला टेकवून आडव्या उजेडात सगळी फरशी पाहिली. सोफा सरकवला. बायको एकदा दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही. शेवटी ठरवलं, सकाळच्या उजेडात शोधू.

सकाळी मी उठायच्या आधी झाडू फिरला होता. कामाच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "हाँ भैया, कुछ चमकीला था. मैंने समझा टिकली है." टिकली कुठे? सुक्या कचऱ्यात. आणि सुका कचरा? खाली कचरागाडीचं गाणं वाजत होतंच.

२०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, याचा मला अभिमान आहे. पण त्या सकाळी, राजेंद्रनगरच्या गल्लीत, चपला घालून कचरागाडीमागे धावताना तो जरा कमी झाला होता. गाडीवाल्याने थांबून विचारलं, "क्या गिर गया भिया? अंगूठी?" मी म्हटलं, "शीशा." "किसका?" "कार का." त्याने माझ्यामागे फाटकात उभ्या असलेल्या खऱ्या गाडीकडे पाहिलं. तिचे दोन्ही आरसे जागेवर होते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं: सुटा भाग मिळत नाही, नवीन किट घ्या. त्याचं चूक नव्हतं. किटमध्ये प्रत्येक भाग एकुलता एक असतो. साडेतीन हजार रुपये, तीन महिन्यांच्या संध्याकाळी, आणि त्या सगळ्यांची लाज एका ज्वारीच्या दाण्याच्या हातात. लोक म्हणतात आरसा स्वतः बनव, प्लास्टिकची काडी तापवून ओढ, वर क्रोमची पट्टी लाव. बनवला होता. दोन बनवले. ते आरशासारखे दिसत होते, त्या बीटलच्या आरशासारखे नव्हते. काढून टाकले. तेव्हापासून किट उघडलं की पहिल्या दिवसापासून माझा हात जरा घट्ट होतो, आणि घट्ट हाताने या छंदात काहीच नीट होत नाही.

डायकास्टकडे मी वळलो ते राणीपुऱ्यात भाच्यासाठी काहीतरी घ्यायला गेलो म्हणून. दोन हॉट व्हील्सच्या डायकास्ट घेतल्या. एक त्याला दिली. दुसरी उलटी करून पाहत बसलो. तळाला दोन रिव्हेट, बॉडी आणि तळ एकत्र धरणारे. बस, तेवढंच कुलूप.

नवशिके सगळ्यात जास्त चुकतात ते या रिव्हेटवरच, म्हणून इथे थोडं थांबतो. थेट मोठं बिट लावलं की ते घसरतं आणि प्लास्टिकच्या तळावर ओरखडा काढून जातं. आधी सेंटर पंचने बरोबर मध्ये खूण करायची, मग दोन मिलिमीटरच्या आसपासचं बिट हाताने फिरवत थोडंसं उतरायचं, मग तीन-साडेतीनचं. मोठ्या बिटने फक्त वरची टोपी उडवायची. टोपीखालच्या धातूच्या खांबात खोल शिरायचं नाही, कारण पुढे त्याच खांबात दीड मिलिमीटरहून किंचित मोठं भोक पाडून दोन मिलिमीटरचे आटे पाडायचे असतात, म्हणजे गाडी स्क्रूने बंद होते आणि हवी तेव्हा उघडते. ते बारीक स्क्रू मला जेल रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मूठभर मिळाले. दुकानदाराने पैसे घ्यायला नको म्हटलं, मीच दिले. बिट, पंच, आटे पाडायचा टॅप, पेंट रिमूव्हर हे सगळं सियागंजमध्ये एका फेरीत होतं. या छंदाचं सामान आपल्याच शहराच्या बाजारात मिळतं, याचंच मला पहिल्यांदा नवल वाटलं. किटच्या काळात मी कायम दाराच्या घंटीकडे कान लावून असायचो.

रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि सोडा जस्ताला खातो. माझी एक मस्टँग त्यात रात्रभर राहिली. सकाळी ती काळवंडलेली आणि खडबडीत होती. रिमूव्हर लावा, हातमोजे घाला, गॅलरीत बसा. पाच-दहा मिनिटांत रंग सुरकुततो, जुन्या टूथब्रशने निघतो. काचा आणि आतलं प्लास्टिक मात्र आधी काढून ठेवा, नाहीतर त्याचा लगदा होतो. मग साबणाने धुवायची, कानशीने साच्याच्या रेषा घासायच्या, प्रायमर, रंग. चाकं बदलायची तर जुना आस कापून पितळी नळीत नवा घालायचा. दोन संध्याकाळी आणि एक रविवार, गाडी तयार.

त्या मस्टँगचं मी काय केलं? काही नाही. पावणेदोनशेची दुसरी आणली. पहिलीच्या काचा आणि चाकं एका तिसऱ्याच गाडीला लागली. माझ्याकडे आता एक स्टीलचा डबा आहे, पूर्वी त्यात चकल्या असायच्या. त्यात बिनचाकाच्या बॉड्या, बिनबॉडीचे तळ, पन्नासेक चाकं आहेत. काही उडालं, तुटलं, वितळलं तर हात डब्यात जातो. आरशांचं म्हणाल तर बहुतेकांना नसतातच, आणि असले तर बॉडीतच ओतलेले. झाडूला काही करता येत नाही.

डायकास्टची उणी बाजू लपवत नाही. १:६४ हे माप नुसतं नावाला असतं. पाकिटात सगळ्या गाड्या सारख्या बसाव्यात म्हणून ट्रक आकसतो आणि छोटी गाडी फुगते. शेजारी शेजारी लावल्या की मारुतीच्या आकाराची गाडी आणि लांबलचक अमेरिकन गाडी बहिणी वाटतात. खिडक्यांचे खांब जाड, आतलं सगळं एका रंगाचं. नेमकेपणाची आवड असेल तर हे रोज टोचेल. आणि मुळात जी गाडी कंपनीने काढलीच नाही, ती यातून निघत नाही. माझ्या मनात कित्येक वर्षं इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी आहे. १९३५ ची एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली, केशरी आणि काळी. इंदूरच्या माणसाने ही गाडी केली नाही तर कोणी करावी? पण ती करायची तर किटमधलीच कला लागेल, प्लास्टिकचे पत्रे कापून, पुटी भरून. मी काय केलं, तर एका जुन्या रोडस्टर डायकास्टला होळकरी केशरी-काळा रंग दिला. जाणकार हसतील. मला आवडते.

पैशाचं थोडक्यात. किटमध्ये एकदम जातात, डायकास्टमध्ये नकळत जातात. वर्षाअखेरीस माझा हिशेब दोन्ही काळात जवळपास सारखाच निघाला. तेव्हा स्वस्त म्हणून डायकास्ट निवडू नका. जागेचंही फार सांगण्यासारखं नाही, दोन्हींना टेबल लागतं आणि दोन्हींच्या थिनरचा वास घरच्यांना सारखाच नकोसा होतो.

तुमचा स्वभाव शांत असेल, तीन महिने एकाच गाडीवर काढायला आवडत असेल, आणि मुख्य म्हणजे दार लावून घेता येईल अशी एक खोली असेल, जिथे झाडू तुमच्या परवानगीनेच येतो, तर किट घ्या. माझं सगळं बोलणं विसरून घ्या. त्यातून जी गाडी निघते तिच्यापुढे माझ्या डब्यातलं काहीही उभं राहणार नाही. पण तुम्ही माझ्यासारखे जेवणाच्या टेबलावर बसणार असाल, नऊ वाजता ताटं मांडायला टेबल रिकामं करावं लागणार असेल, तर मला वाटतं डायकास्टने सुरुवात करावी. वाटतं, एवढंच म्हणतो. माझे एक स्नेही दहा वर्षं जेवणाच्या टेबलावरच किट करतात आणि त्यांचा एकही भाग कधी हरवलेला नाही. त्यांच्याकडे पांढरी चादर अंथरायची शिस्त आहे. मी महिनाभर अंथरली, पुढे विसरायला लागलो.

सुरुवात करणार असाल तर एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या, महाग नको, साधी पाकिटातलीच, तळ प्लास्टिकचा आणि बॉडी धातूची बघून. पहिली बिघडवायलाच आहे असं धरून चाला. आणि सियागंजात बिट घेताना बारीक बिट तीन-चार मागा, एक मागितलंत तर पहिल्याच रिव्हेटवर मोडून पुन्हा तिथेच फेरी मारावी लागेल.