घाऊक बाजारातलं तयार रेशन किट: पॅकिंगला पाचपैकी चार, आतल्या मालाला दोन

मुंबईत मंडळ, ट्रस्ट किंवा सोसायटीने गरजू घरांना शिधा वाटायचं ठरवलं की मशीद बंदरला नाहीतर वाशीच्या दाणा बाजारात फोन जातो आणि ‘चार माणसांचं महिन्याचं किट’ मागवलं जातं. व्यापारी कोणताही असो, यादी साधारण ठरलेली असते: तांदूळ ५ किलो, आटा ५ किलो, तूर डाळ १ किलो, पामतेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा पावडर पाव किलो, हळद-तिखटाची पाकिटं आणि वर बिस्किटं, नूडल्स. पिशवी मजबूत असते, माल दारात येतो, बिल पक्कं मिळतं. सोयीला नाव ठेवायला जागा नाही. पण हे किट पिशवी जड लागावी म्हणून भरलेलं आहे. घरातल्यांच्या पोटात काय जाणार याचा विचार त्यात फारसा नाही.

हिशेब करून बघा. १ किलो डाळ चार माणसांत महिनाभर पुरवायची तर माणशी दिवसाला जेमतेम ८ ग्रॅम पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये मोठ्या माणसाचं २००० कॅलरीचं दिवसाचं ताट सांगितलं, त्यात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत आणि भाज्या ४०० ग्रॅम. किटमध्ये भाजीच्या नावाने काहीच नाही.

तांदूळ आणि आटा मात्र भरपूर, आणि तोही बऱ्याच घरांत दुबार. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चार माणसांच्या घरात २० किलो धान्य आधीच येत असताना वर आणखी १० किलो देऊन त्या घरचं जेवण सुधारत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी एकच प्रश्न विचारा: कार्डावर धान्य सुरू आहे का? कार्ड गावाकडचं असलं तरी आधारला जोडलेलं असेल तर मुंबईतल्या दुकानात धान्य उचलता येतं, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ज्यांना खरंच धान्य मिळत नाही त्यांच्या पिशवीत तांदूळ, आणि पावसाळा नसेल तर आटाही, ठेवायलाच हवा.

बाकीच्यांसाठी व्यापाऱ्याला यादी बदलून द्या. मागणी मोठी असली की सहसा नाही म्हणत नाहीत. तांदूळ, आटा, बिस्किटं, नूडल्स आणि अर्धा किलो साखर काढा. त्याऐवजी अख्खा मसूर १ किलो, हिरवे मूग १ किलो, मटकी १ किलो आणि शेंगदाणे १ किलो घाला. तूर डाळ आहे तशी राहू द्या. डाळी-कडधान्यं ४ किलो होतात, म्हणजे माणशी दिवसाला ३३ ग्रॅम. ८५ पासून लांबच, पण ८ च्या चौपट, आणि खर्च साधारण तेवढ्यातच बसतो. राजमा आणि छोले घेऊ नका. त्यांना शिजायला वेळ लागतो आणि छोट्या सिलिंडरवर चालणाऱ्या घरात तो गॅस परवडत नाही. अख्खा मसूर न भिजवताही कुकरात लवकर होतो. चहा काढू नका, तो लोकांना हवाच असतो. साखरेऐवजी गूळ दिला म्हणजे मधुमेहींचं भागलं, असं मात्र समजू नका. रक्तातली साखर गुळानेही चढते.

फसवणूक होते ती व्यापाऱ्याने दाखवलेला नमुना आणि प्रत्यक्ष उतरलेला माल यांच्यामध्ये. बिलावर नुसतं ‘तूर डाळ १ किलो’ लिहिलं असेल तर कोणती प्रत भरली हे पुढे भांडून सिद्ध करता येत नाही. प्रत, पॅकिंगची तारीख आणि निव्वळ वजन लिहून घ्या. पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी परवाना क्रमांक हवा. माल उतरला की थप्पीच्या मधली एक पिशवी ओढून फोडा, वरची नव्हे. डाळ ताटात पसरा. चुरी किती, खडे किती ते दिसेल. तुरीचा दाणा गोलसर असतो. मध्ये एका बाजूने तिरके, चौकोनी कडांचे दाणे दिसले तर त्यात लाखेच्या (खेसारी) डाळीची भेसळ आहे, तो लॉट परत करा. फार चकचकीत डाळ म्हणजे पॉलिश केलेली, तीही नको. मूठभर मटकी रात्री भिजत घाला. सकाळी बरेच दाणे खड्यासारखे कडक राहिले तर माल जुना आहे. त्याला मोड येणार नाहीत आणि शिजायला गॅस जास्त जाईल. हळद-तिखट सुटं कधीच घेऊ नका, रंगाची भेसळ तिथेच होते.

तेलाचं पाकीट हातात घेऊन वाचा. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण दिसायला तसंच ८५० ग्रॅमचं पाकीटही बाजारात आहे. पामतेलात निम्मं फॅट संपृक्त (सॅच्युरेटेड) असतं. थोडे पैसे वाढवून सोयाबीन किंवा शेंगदाणा तेल घ्या, आणि ‘+एफ’ची खूण बघा, म्हणजे त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. मीठ आयोडीनचंच. ‘कमी सोडियम’चं मीठ सरसकट वाटू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचं आहे.

जून ते सप्टेंबर किटमध्ये कोणतंही पीठ घालू नये. मुंबईच्या दमट हवेत आट्यात किडे होतात. बाजरीचं पीठ तर काही दिवसांत कडू होतं. द्यायचीच असेल तर नाचणी किंवा बाजरी अख्खी द्या, लोक लागेल तशी गिरणीतून आणतात.

भाजीचं काय? किटमध्ये ती कोंबता येत नाही, हे खरं. लाल भोपळा न कापता दिला तर बरेच दिवस टिकतो. रताळी, लसूण, लिंबंही चालतात. पालेभाजीसाठी नाक्यावरच्या भाजीवालीशी बोलून कुपनं छापा: २० रुपयांचं एक, महिन्याला चार, प्रत्येकावर आठवड्याची तारीख आणि शिक्का. पैसे दर आठवड्याला तिला चुकते करा. उधारी राहिली की ती कुपन घ्यायला टाळाटाळ करणार, आणि त्यात तिची चूक नाही.

जागा असेल तर पिशव्या बांधूच नका. टेबलावर डाळी-कडधान्यं मांडा आणि ‘यातली कोणतीही चार किलो’ असं सांगा. ज्या घरात चणे खात नाहीत तिथले चणे वाया जात नाहीत. अमेरिकेतल्या फूड बँकांसाठी २०२० मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वं संपृक्त फॅट, सोडियम आणि साखर बघून पदार्थांचे तीन गट पाडतात: नेहमी, कधीकधी, क्वचित. आपल्याकडेही टेबलाच्या पुढच्या रांगेत मूग-मसूर आणि मागे साखर, एवढी मांडणी करायला पैसे लागत नाहीत.

परळला टाटा आणि केईएमच्या बाहेर राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मात्र हे किट देऊन उपयोग नाही, चूल कुठे मांडणार? त्यांना फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, सातूचं पीठ आणि केळी द्या. केमो चालू असलेल्या रुग्णासाठी कच्चे मोड आणि कापलेली फळं देऊ नका. त्याने काय खायचं हे रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.