रबाळ्यात बनणारी डार्फर चूल: घ्यावी, पण तीन गोष्टी तपासून

रबाळे एमआयडीसीतला एक छोटा पत्राकाम कारखाना ऑर्डरवर एक प्रात्यक्षिक संच बनवून देतो. त्यात सुट्या भागांतून जोडायची पत्र्याची चूल, घडी होणारा पुठ्ठ्याचा सौर कुकर आणि चार मराठी माहितीफलक असतात. कॉलेजांचे एनएसएस गट, वाचनालयं, सोसायट्यांमधली मंडळं अशांसाठी तो आहे. सुदानमधल्या डार्फर प्रदेशातला वंशसंहार आणि तिथून पळालेले निर्वासित यांच्याबद्दल रस्त्यावरच्या माणसाशी बोलायचं असेल, तर ठाणे-नवी मुंबईत सध्या याहून उपयोगी वस्तू हाताशी नाही. चूल चांगली आहे, कुकर कामापुरता आहे. फलक मात्र आहेत तसे लावू नयेत.

चूलच का, हे आधी. २००३च्या फेब्रुवारीत डार्फरमध्ये युद्ध पेटलं. सरकारच्या पाठबळावर जंजावीद टोळ्यांनी फूर, मसालित, झगावा या समाजांची गावंच्या गावं जाळली. वीस लाखांहून जास्त माणसं घराबाहेर फेकली गेली आणि मेलेल्यांचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज तीन लाखांच्या आसपास आहे. छावणीत धान्य मिळायचं, पण ते शिजवायला जळण नसायचं. आसपासची झाडं संपली तशा बायका सरपणासाठी लांब लांब जाऊ लागल्या आणि त्याच वाटेवर त्यांना गाठलं जायचं. ऑक्टोबर २००४पासून साडेचार महिन्यांत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेच्या दवाखान्यांत बलात्कार झालेल्या जवळपास ५०० बायकांवर उपचार झाले. त्यांतल्या बहुतेकींवर सरपण-पाणी आणायला किंवा शेतावर जाताना हल्ला झाला होता. पुरुष गेले तर मारले जायचे, म्हणून बायकाच जायच्या. लाकूड कमी लागलं तर फेऱ्या कमी होतील, एवढ्या साध्या हिशोबावर ही चूल उभी आहे.

मूळ चुलीचं नातं आपल्या मुंबईशी आहे. मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. अशोक गाडगीळ हे अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. २००५च्या अखेरीस ते डार्फरच्या छावण्यांत गेले, बायका काय आणि कसं शिजवतात ते पाहिलं आणि भारतातल्या ‘तारा’ चुलीत त्या स्वयंपाकाला साजेसे बदल केले. पुढे या चुलीचे सपाट भाग मुंबईत पत्र्यातून कापून निघायचे आणि उत्तर डार्फरच्या अल फाशर शहरात जोडले जायचे. रबाळ्याचा संच त्याच धर्तीवर आहे.

तिकडचं रोजचं जेवण म्हणजे असिदा. ज्वारी-बाजरीच्या पिठाची घट्ट उकडच म्हणा, फक्त आपल्या उकडीपेक्षा बरीच घट्ट. ती लाकडी दांड्याने जोर लावून घोटावी लागते. भांडं गोल बुडाचं. तीन दगडांवर भांडं घट्ट बसतं, पण उंच आणि हलकी चूल या घोटण्याने आडवी होते. म्हणून मूळ चुलीला रुंद पाय आहेत आणि जमिनीत खुंट्या ठोकायची सोय आहे. आतल्या बाजूला उंचवटे आहेत, त्यामुळे भांडं आणि पत्रा यांत ठरावीकच फट राहते आणि गरम हवा भांड्याला घासून वर जाते. वर वारा अडवणारं निमुळतं कडं, धरायला लाकडी मुठी. जळण घालायचं तोंड मुद्दाम लहान, कारण तोंड मोठं असलं की हात आपोआप जास्त लाकूड कोंबतो. बाहेरच्या पत्र्याची भोकं आणि आतल्या पेटीची भोकं समोरासमोर नसतात, त्यामुळे वारा थेट ज्वाळेवर येत नाही.

रबाळ्याच्या कारखान्याने यातलं बहुतेक नीट पकडलंय. भाग स्वच्छ कापलेले असतात, वाकवायच्या रेषा अचूक असतात. एक पाना आणि एक पक्कड हाताशी असली की दोन माणसं अर्ध्या तासात चूल उभी करतात. कडा घासून येतात, तरी पहिल्या जोडणीला हातमोजे घाला. आतल्या पेटीच्या कोपऱ्यांत धार राहते.

आता तीन तपासण्या.

पहिली, तोंड. कारखान्याच्या सुरुवातीच्या नगांत ते रुंद केलेलं होतं. कारण विचारलं तर उत्तर असं की आपल्याकडची लाकडं जाड असतात, ती आत जायला हवीत. पण मग ही चूल उरतच नाही, साधी पत्र्याची शेगडी होते. ज्वाळा पुढून बाहेर येते, भांड्याची एकच बाजू तापते आणि तीन दगडांच्या तुलनेत जी बचत लोकांच्या डोळ्यांना दिसायला हवी ती दिसत नाही. लहान तोंडाची मागणी ऑर्डरमध्ये लिहूनच द्या आणि लाकूड बोटाएवढं बारीक फोडून न्या. सांगितलं की कारखाना बदलून देतो, कुरकुर करत नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

दुसरी, भोकं. जोडताना आतली पेटी उलटी बसू शकते आणि तशी बसली की आतली-बाहेरची भोकं एका रेषेत येतात. घरात काही कळत नाही. वाशीच्या सागर विहारला खाडीवरचा वारा सुटला की ज्वाळा एका अंगाला झोपते आणि पाणी उकळायचं नाव घेत नाही. पेटीवर बाणाची खूण करून मागा. नसेल तर जोडल्यावर बाहेरच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाका. तो आतपर्यंत सरळ पोचला तर पेटी फिरवा.

तिसरी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, पत्रा कुठला आहे ती. स्वस्तात पडतो म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा सुचवला जातो. आगीच्या पेटीला तो अजिबात नको. तापल्यावर त्यावरचं जस्त जळतं आणि तो धूर फुप्फुसात गेला की थंडी-ताप भरतो. एमएस, म्हणजे साधा पोलादी पत्रा, किंवा स्टेनलेस स्टील घ्या. बाहेरून पावडर कोटिंगही नको. पहिल्याच पेटवणीत त्याचा उग्र वास सुटतो आणि जमलेली माणसं मागे सरकतात. एमएसची चूल गंजते, पण तेलाचा हात फिरवून ठेवली तर टिकते.

प्रात्यक्षिक कसं करायचं यावर संचासोबत एक पान मिळतं, पण ते फार त्रोटक आहे. तीन दगडांची चूल शेजारी मांडल्याशिवाय या चुलीला अर्थ नाही. दोन सारखी भांडी घ्या. गोल बुडाची पातेली जांभळी नाक्याच्या भांड्यांच्या दुकानांत शोधा, सपाट बुडाच्या टोपाने फट बिघडते. प्रत्येकात दोन लिटर पाणी, वर झाकण. बाभळीचं किंवा सुरूचं पूर्ण सुकलेलं लाकूड प्रत्येक चुलीसाठी अर्धा-अर्धा किलो तोलून लोकांसमोर ठेवा. दोन्ही एकाच वेळी पेटवा. उकळी फुटली की त्या चुलीतली लाकडं बाहेर काढून वाळूत विझवा, निखारे झटका आणि उरलेलं लाकूड पुन्हा तोला. एकाच माणसाने दोन्ही चुली सांभाळू नयेत, नाहीतर नकळत एकीकडे जास्त लक्ष जातं. लाकूड ओलं असेल तर दोन्हीकडे नुसता धूर होतो आणि फरक दिसत नाही. पॅकिंगच्या पेट्या, प्लायचे तुकडे जाळू नका, त्यांतल्या गोंदाचा धूर वाईट असतो. सगळं नीट जमलं तर तराजूवर चुलीचं लाकूड तीन दगडांच्या निम्म्याच्या आसपास जळलेलं दिसतं. तो काटा दिसला की बोलायला सुरुवात करा. निम्मं लाकूड म्हणजे त्या वाटेवर किती फेऱ्या वाचल्या, हा प्रश्न बघणारा माणूस स्वतःच विचारतो. नुसत्या फोटोंच्या फलकासमोर तो इतका वेळ थांबत नाही.

उपवन तलाव, तलावपाळी अशा जागी उघडी आग लावायची तर महापालिका आणि स्थानिक पोलीस ठाणं दोघांची परवानगी आधी घ्या. वाळूच्या दोन बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडं जवळ हवंच. सोसायटीच्या आवारात पार्किंगपासून लांब मांडा.

सौर कुकर हा संचातला धाकटा भाऊ. सुदानशेजारच्या चाड देशाच्या पूर्वेला, इरिदिमी छावणीत असेच पुठ्ठा आणि अॅल्युमिनियम फॉइलचे कुकर २००६पासून वापरात आले आणि छावणीतल्या बायकाच ते बनवू लागल्या. रबाळ्याच्या नगात पुठ्ठा चांगला जाड आहे, पण फॉइल चिकटवताना घाई झालेली दिसते. मधे फुगे राहतात आणि वाऱ्याने कडा सुटतात. फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी मिसळून ब्रशने पातळ थर द्या आणि फॉइल मधून कडेकडे दाबत न्या. भांडं काळं, पातळ आणि झाकणाचं हवं. ते उष्णता सोसणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवून तोंड बांधायचं. साधी पिशवी तापलेल्या भांड्याला चिकटून वितळते. वर काचेचा मोठा बाऊल उपडा ठेवला तरी चालतं. अकराच्या सुमाराला एक वाटी तांदूळ लावला तर दोन-अडीचपर्यंत भात होतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा पुढची पाळ उचला. डिसेंबरात ती खाली करा. जून ते सप्टेंबर कुकर माळ्यावर टाका. एक गोष्ट लोकांना खरीखुरी सांगा: असिदा यात होत नाही, कारण ती सतत घोटावी लागते. म्हणून छावण्यांत कुकर चुलीच्या जोडीला असायचा, तिच्या जागी नसायचा.

आता फलक. इथे संच कमी पडतो आणि हे साधं नाही, कारण लोक घरी नेतात ते शब्दच. फलकावर सगळीकडे ‘नरसंहार’ लिहिलंय. नरसंहार म्हणजे माणसांची मोठ्या प्रमाणावर कत्तल. संयुक्त राष्ट्रांच्या ९ डिसेंबर १९४८च्या वंशसंहारविरोधी करारातली व्याख्या वेगळी आहे: एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं. त्यासाठी मराठीत ‘वंशसंहार’ हाच शब्द घ्यावा. भारताने हा करार १९५९मध्ये मंजूर केला, हे फलकावर कुठेच नाही. तसंच डार्फरच्या आतल्या छावण्यांत राहतात ते विस्थापित आणि सीमा ओलांडून चाडमध्ये गेले ते निर्वासित. ठाणे जिल्ह्यात हा फरक समजावणं अवघड नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाचंच उल्हासनगर झालं.

त्याहून मोठी चूक म्हणजे फलकांवरचा इतिहास २०१०ला थांबतो. शेवटची ओळ आहे सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने वंशसंहाराच्या आरोपाखाली काढलेल्या वॉरंटची. वाचणाऱ्याला वाटतं, प्रकरण मिटलं. प्रत्यक्षात एप्रिल २०२३मध्ये सुदानी लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस (आरएसएफ) यांच्यात युद्ध सुरू झालं. आरएसएफ ही जंजावीदमधूनच घडलेली फौज. त्याच वर्षी पश्चिम डार्फरच्या अल जिनेना शहरात मसालितांची कत्तल झाली आणि माणसं चालत चाडमधल्या आद्रेला पोचली. ऑगस्ट २०२४मध्ये अल फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकी सरकारने आरएसएफने वंशसंहार केल्याचं अधिकृतपणे म्हटलं. दीड वर्ष वेढा सोसून २६ ऑक्टोबर २०२५ला अल फाशर पडलं. ज्या शहरात मुंबईच्या पत्र्याच्या चुली जोडल्या जायच्या, तेच हे शहर. हे फलकावर नसेल तर चूल संग्रहालयातली वस्तू वाटते. निकालही लिहा: ऑक्टोबर २०२५मध्ये जंजावीदचा म्होरक्या अली कुशाएब याला त्याच न्यायालयाने दोषी ठरवलं. कारखाना पत्र्याचं काम जाणतो, हा मजकूर त्याचं काम नव्हे. फलकांशिवाय संच मागा, थोडा स्वस्त पडतो, आणि मजकूर स्वतः लिहून नौपाड्यात किंवा वाशीत छापून घ्या. अक्षरं चार-पाच फुटांवरून वाचता यावीत, एका फलकावर शंभरपेक्षा जास्त शब्द नकोत. प्रेतांचे फोटो लावू नका. तिथल्या माणसांची ती अवहेलना आहे आणि मुलं असलेल्या जागी ते योग्यही नाही.

चूल वंशसंहार थांबवते असं कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. ती फक्त एका वाटेवरचा धोका कमी करते.

“मग आम्ही काय करू?” हा प्रश्न प्रत्येक प्रात्यक्षिकात येतो, त्याचं उत्तर तयार ठेवा. चुली विकत घेऊन सुदानला पाठवायचा विचार कुणी मांडला तर थांबवा, वाहतुकीतच पैसे जातात. डबा फिरवून रोख गोळा करू नका. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते आणि हिशोबावरून चांगले गट मोडतात. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यूएनएचसीआर किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्या अधिकृत पानाचा क्यूआर कोड फलकावर छापा, माणूस स्वतःच्या फोनवरून थेट देईल. कोड छापण्याआधी दोन वेगवेगळ्या फोनवर तपासा. मागच्या बाजूला निवेदनाचा नमुना ठेवा: आपल्या खासदाराला उद्देशून, मराठीत, आठ-दहा ओळींत, सुदानच्या प्रश्नावर संसदेत बोलण्याची मागणी करणारा. पत्ता लिहून तयार असलेलं पोस्टकार्ड दिलं तर माणसं तिथेच सही करतात.

ऑर्डरनंतर संच हातात यायला तीन आठवडे धरा. २० जूनचा जागतिक निर्वासित दिन पावसात सापडतो, तेव्हा चूल छपराखाली करावी लागेल आणि कुकर नाहीच. ९ डिसेंबर हा वंशसंहारातल्या बळींच्या स्मरणाचा दिवस, तेव्हा ऊन, कोरडं लाकूड आणि वारा तिन्ही जमून येतात. त्यासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर द्या, म्हणजे तोंड आणि पेटी तपासून एकदा परत पाठवायला वेळ उरतो.