प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८४ : सहा वर्षे स्वतःच्या हाताने दुरुस्त करून वापरल्यानंतरचा अभिप्राय

कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडल्याला आता जवळजवळ पाव शतक झाले आहे. त्यामुळे आज जी पद्मिनी विकत मिळते ती कुणाच्या तरी अंगणात, पार्किंगमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली असते, आणि मधल्या काळात तिला कोणाकोणाचे हात लागले यावरच तिची अवस्था ठरलेली असते. मी ही गाडी २०१९ साली घेतली. पहिल्या वर्षानंतर इंजिनची खोलाई आणि पत्र्याचे वेल्डिंग ही दोन कामे सोडली तर तिची जवळपास सगळी दुरुस्ती मी पुण्यात घराच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, स्वतः केली आहे. चाळीस वर्षे जुनी गाडी आजच्या रस्त्यावर बाळगावी का, असे मला अनेकजण विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु ज्याला पाना हातात धरण्याची इच्छा आहे त्याच्यापुरतेच.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ साली आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच पुढे सत्तरच्या दशकात आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. आपल्याकडे मात्र ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली, आणि आजही पेट्रोल पंपावरचा वयस्कर माणूस ‘फियाट छान ठेवलीय’ असेच म्हणतो. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, एक कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांच्या स्प्रिंग, आणि ताकद मागच्या चाकांना, एवढाच तिचा संसार आहे. या यादीत असे काहीही नाही जे सर्वसाधारण बुद्धीच्या माणसाला डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून समजणार नाही. पुढे मी जे लिहिणार आहे त्याचे मूळ यातच आहे.

मी घेतली तेव्हा गाडी नऊ वर्षे बंद होती. पहिल्या वर्षी माझा स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून मी ती एका गॅरेजकडे सोपवली. तीन महिन्यांनी ती चकचकीत रंगात आणि चालू अवस्थेत परत मिळाली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या रंगाखालून फुगे येऊ लागले. गंज कापून नवा पत्रा जोडण्याऐवजी त्यावर नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली होती. हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट आवळताना क्रमही पाळलेला नव्हता. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे, त्यामुळे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक जोराने आवळावे लागतात. तसे झाले नाही आणि आठ महिन्यांत ब्लॉक आणि हेडच्या मधले गॅस्केट उडाले. खर्च झाला, मनस्तापही झाला, पण खरे दुःख याचे होते की माझ्याच गाडीत काय केले आहे हे मला ठाऊक नव्हते आणि विचारले तरी नीट उत्तर मिळत नव्हते. त्या दिवशी मी रिंग पान्यांचा संच, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) विकत आणले.

दुरुस्तीतून मिळणारे समाधान नेमके कशाचे असते हे मला पुढच्या एका बिघाडाने शिकवले. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालायची, आणि इंजिन तापले की मिसिंग मारत बंद पडायची. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. सगळ्यांनी व्हेपर लॉकचा निर्वाळा दिला, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते आणि गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाला ते ओढता येत नाही. तो या गाड्यांचा जुना आजार आहे, आणि पंपावर ओले फडके ठेवणारे टॅक्सीवाले मी लहानपणी मुंबईत पाहिलेले आहेत. मीही दोन आठवडे फडकी ओली करत राहिलो. मग एके दिवशी गाडी बंद पडल्याबरोबर कार्बोरेटरचा पाइप सोडून पाहिला, तर पेट्रोल व्यवस्थित येत होते. प्लग काढून बॉडीला टेकवला आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले, तर ठिणगी पिवळट, अशक्त, मधूनच गायब होणारी. म्हणजे दोष पेट्रोलचा नव्हता, विजेचा होता. डिस्ट्रिब्यूटरला, म्हणजे प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागाला, जोडलेला अंगठ्याएवढा कंडेन्सर तापला की काम सोडत होता. नाना पेठेतून नवा आणून बसवला, त्याचा खर्च त्या दिवशीच्या नाश्त्याहून कमी होता. त्या दुपारी मी कात्रजचा जुना घाट चढून उतरलो, पुन्हा चढलो, आणि इंजिन एकदाही अडखळले नाही. एखाद्या यंत्राने आपल्याशी खोटे न बोलता, नीट विचारल्यावर नीट उत्तर दिले, असा तो अनुभव होता, आणि पैसे मोजून करून घेतलेल्या कोणत्याही दुरुस्तीतून तो मला मिळालेला नाही.

पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधली उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारी विजेची टोके, सेट करणे हे माझे या गाडीतले सर्वांत आवडते काम आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाच्या दोन्ही क्लिपा सोडायच्या, रोटर काढायचा, गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून हाताने तसूभर पुढे ढकलायची, म्हणजे आतला कॅम फिरून पॉइंट पूर्ण उघडतात. त्या फटीत फिलर गेजची पट्टी सरकवायची. फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी हवी, आणि पट्टी सरकताना वहीच्या पानांतून सुरी ओढल्यासारखा हलका रोध जाणवला पाहिजे. स्क्रू आवळताना फट पुन्हा बदलते, म्हणून आवळून पुन्हा मोजायचे. पहिल्यांदा मला यासाठी दीड तास लागला, आता दहा मिनिटे लागतात. टोपण बसवताना प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ आहे हे विसरू नये. मी एकदा दोन वायरींची अदलाबदल केली आणि कार्बोरेटरमधून असा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले.

ब्रेकचे काम एकट्याने होत नाही. बंद गाडीतले व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकातले ब्रेक दाबणारे भाग, हमखास जाम झालेले असतात. त्यांची रबरे बदलल्यावर पाइपातली हवा काढावी लागते, आणि त्यासाठी एकाने पेडलवर बसायचे व दुसऱ्याने चाकापाशी आडवे व्हायचे. आमच्याकडे पेडलचे काम पत्नीकडे असते. ‘दाबा’, ‘धरून ठेवा’, ‘सोडा’ हा क्रम मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो आणि जवळच्या चाकाशी संपतो. बाटलीतल्या ऑइलमधले बुडबुडे थांबले की मी खालून ‘झाले’ म्हणतो आणि वरून ‘अहो, पेडल आता दगडासारखे लागतेय’ असे उत्तर येते. तेव्हा गाडी थांबणार याची खात्री आम्हा दोघांना सारखीच असते.

आता चालवण्याविषयी. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला आहे, आणि त्याचे जोड झिजलेले असतील तर गियर शोधावा लागतो. बुश बदलले की तोच दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरतो. पहिल्या गियरला सिंक्रोमेश (गियर सहज जुळवून घेणारी रचना) नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये, अन्यथा गियरबॉक्स मोठ्याने तक्रार करतो. पुढची सीट सलग बाकासारखी आहे, खिडक्या मोठ्या आहेत, खांब बारीक आहेत, त्यामुळे चारही बाजू अशा दिसतात जशा आजच्या कोणत्याही गाडीतून दिसत नाहीत. ताशी साठ-पासष्टला ती सुखात असते. पुणे ते वाई आणि तिथून पसरणी घाट चढून पाचगणी हा प्रवास मी चार वेळा केला आहे. घाटात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: पंखा इंजिनच्या बेल्टवर चालतो, म्हणजे इंजिन मंद झाले की पंखाही मंद होतो. त्यामुळे तिसऱ्यात रखडत चढण्यापेक्षा वेळेवर दुसरा टाकून इंजिन मोकळे फिरू दिले तर तापमानाचा काटा मर्यादेत राहतो. पहिल्या खेपेस मला हे माहीत नव्हते आणि पाचगणीजवळच्या हॅरिसन्स फॉली या ठिकाणी पोहोचण्याऐवजी मी घाटाच्या मध्यावर रेडिएटर थंड होण्याची वाट पाहत बसलो होतो.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. ही गाडी आजच्या अर्थाने सुरक्षित नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, टक्कर झाल्यास धक्का शोषून घेणारी रचना नाही, आणि पावसात ड्रम ब्रेक भिजले की पहिली एक-दोन दाबणी वाया जातात. सीटचे पट्टे मी पुढे बसवून घेतले आहेत. द्रुतगती मार्गावर मी ती नेत नाही. पेट्रोल लिटरला बारा किलोमीटर पडते, एसी नाही, आणि मे महिन्यात दुपारी ती चालवणे हा हट्ट आहे, सोय नाही.

सुट्या भागांची चिंता मात्र लोक गरजेपेक्षा जास्त करतात. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच गाडीच्या होत्या. त्यांतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षे इतक्या गाड्या चालत राहिल्यामुळे इंजिन, क्लच आणि ब्रेकचे भाग तयार करणाऱ्यांचा धंदा टिकून राहिला, आणि तो साठा अजून पुरता संपलेला नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि चिकाटी असेल तर बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार, एवढ्या ठिकाणी माझी बहुतेक गरज भागली. दुर्मीळ आहेत ते दिसणारे भाग: दारांच्या मूठी, काचांच्या कडेची रबरे, मीटरची काच, क्रोमच्या पट्ट्या. ते जिथे दिसतील तिथे, गरज नसली तरी घेऊन ठेवावेत. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. माझ्या गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे होज पाइप दोन वर्षांपूर्वी मऊ पडून गळू लागले. आता मी इथेनॉलला टिकणारे पाइप वापरतो आणि दर सहा महिन्यांनी त्यांना बोटाने दाबून पाहतो. इंजिनच्या वर पेट्रोल ठिबकणे ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही.

कागदपत्रांकडे घेण्यापूर्वीच पाहावे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मूळ आरसी हरवलेली किंवा नोंदणी अनेक वर्षे लॅप्स झालेली गाडी स्वस्त मिळते खरी, परंतु तिच्यामागे जो वेळ जातो त्यात दोन इंजिने खोलून होतात. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. माझी गाडी त्यासाठी २०३४ साली पात्र होईल. तरीही मी तो मार्ग घेईन असे वाटत नाही, कारण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, आणि मला तर तिच्यातून मंडईत भाजी आणायला जायचे असते.

कोणी घ्यायचे ठरवलेच तर माझा एकच आग्रह आहे. इंजिनचा आवाज ऐकून भुलू नये, कारण इंजिन बांधता येते. पायाखालचे मॅट उचलावे, डिकीतले स्टेपनीचे टायर बाहेर काढावे, जॅक लावण्याच्या जागा आणि दारांखालचे बॉक्स अंगठ्याने जोर देऊन दाबावेत, आणि शक्य असल्यास छोटे लोहचुंबक सोबत न्यावे. ते जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नसून लांबी आहे. माझ्या गाडीच्या पत्र्यावर जेवढा खर्च झाला तेवढ्यात इंजिन, गियरबॉक्स आणि ब्रेक दोनदा नवे झाले असते. हे मी सुरुवातीला पाहिले असते तर दुसरी गाडी निवडली असती, आणि आज हीच आहे याचा मला आनंद आहे.

सध्या गाडीचे एकच काम बाकी आहे. स्पीडोमीटरची केबल आतून तुटत आली आहे, त्यामुळे चाळीसच्या पुढे काटा थरथरतो. बाहेरचे आवरण चांगले आहे, फक्त आतली तार हवी आहे. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने येत्या रविवारी आणून ठेवतो म्हणून सांगितले आहे, आणि ग्रीसचा डबा मी आजच पार्किंगमध्ये नेऊन ठेवला आहे.