काचेवरचे पाण्याचे डाग काढून देणारा रविवारचा स्टॉल: ४,९९९ ला पडलेली टोपी

सोसायटीच्या गेटजवळ रविवारी कार केअरचे स्टॉल लागतात बघा, एक छत्री, दोन खुर्च्या, स्टँडी आणि एकसारखे टीशर्ट घातलेली दोन-तीन पोरं. त्यांच्याकडून गाडीच्या काचा साफ करून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे ४,९९९ गेले ते गेले, वर ड्रायव्हर साइडची काच कायमची बाद झाली.

आम्ही वाघोलीत राहतो. २०२१ ला महापालिकेत गेलो पण टँकर काही सुटला नाही, वापरायला टँकर नाहीतर बोअर. गाडी पुसणारा पहाटे तेच बादलीभर पाणी मारतो, फडकं फिरवेपर्यंत अर्धं वाळलेलं असतं आणि मग दिवसभर ऊन. पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काचेवर बसतं. पिण्याच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं भारतीय मानक सांगतं, आमच्याकडच्या बोअरचं पाणी गिझरच्या कॉइलचं काय करतं ते बघितलं की अंदाज येतो. तर सगळ्या काचांवर पांढरे गोल गोल डाग, रात्री समोरून लाईट आला की दिसायचं बंद.

स्टॉलवरचा पोरगा एकदम गोड बोलणारा. सर एका काचेवर फक्त डेमो दाखवतो, पैसे नको. मागच्या डाव्या काचेच्या मधोमध टेप लावली, एका बाजूला पाणी शिंपडलं, डबीतून फिकट रंगाची पेस्ट घेतली, छोट्या मशीनला फेल्टचा पॅड आणि हळूहळू घासत बसला, मध्ये मध्ये पाणी मारत, चांगली पंधरा-वीस मिनिटं. टेप काढली तर एक बाजू दुधाळ आणि दुसऱ्या बाजूला काच आहे की नाही तेच कळेना. खरंच मस्त काम होतं, त्यात खोट नाही. आणि आता अर्धी काच चकाचक, अर्धी तशीच, म्हणजे आपण कुठे जाणार, पूर्ण गाडी करूनच घेणार ना. ३,४९९ काचांचे, नॅनो कोटिंगसकट ४,९९९, दोन वर्षं वॉरंटी. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीच्या नावाऐवजी कुठल्यातरी माणसाचं नाव आलं, विचारलं तर म्हणे आमच्या मालकांचं अकाउंट आहे सर. बिल व्हॉट्सॲपवर येईल म्हणाले, ते आजतागायत येतंय.

मग म्हणाला सर चावी देऊन जा, काचा खालीवर कराव्या लागतील, तुम्ही वर जाऊन चहा घ्या.

तासाच्या आत फोन, गाडी रेडी. आता गंमत बघा, अर्ध्या काचेला वीस मिनिटं लागली तर सगळ्या काचा तासाभरात कशा होतील? त्याचं उत्तर नंतर डॅशकॅममध्ये मिळालं. काचा खालीवर करायला त्यांनी इग्निशन ऑन ठेवलं होतं त्यामुळे कॅमेरा चालूच राहिला. क्लिपमध्ये मशीन नाही, पेस्टची डबी नाही. पाण्याच्या साध्या बाटलीला स्प्रेचं नोझल लावलेलं, लेबल काही नाही, फसफस मारतोय आणि लगेच फडक्याने पुसतोय, आणि मागून दुसऱ्याचा आवाज, पटकन मार रे, पुढची गाडी थांबलीय. म्हणजे डेमो वेगळा आणि काम वेगळं.

पहिले काही दिवस काच छान दिसली, पाण्याचे थेंब घरंगळून जायचे, मी पण खूश. पहिल्या जोराच्या पावसात खरं रूप कळलं. वायपर टरटर उड्या मारायला लागला आणि खराडी बायपासला समोरच्या प्रत्येक हेडलाईटभोवती भलंमोठं वलय. घरी येऊन डिशवॉश लिक्विडने काच नीट धुतली तर नॅनो कोटिंग सगळं फेसाबरोबर वाहून गेलं. डॅशबोर्ड चमकवायला सिलिकॉनचं पॉलिश मिळतं तसलंच काहीतरी असणार. खालून जुने डाग बऱ्यापैकी परत वर आले, आणि ड्रायव्हरच्या काचेवर नवीन प्रकार, वरून खाली ओघळल्यासारखे धुरकट पट्टे. काचेखालच्या क्रोमच्या पट्टीवर पण जिथे ओघळ थांबले तिथे पांढरे चट्टे.

ओळखीच्या काचवाल्या भाईंना दाखवलं. त्यांनी व्हिनेगरचा बोळा थोडा वेळ ठेवला, काही फरक नाही. नखाने खरवडलं, काही निघेना. मग माझंच बोट धरून काचेवर फिरवलं, एकदम गुळगुळीत. म्हणाले, साहेब वर काही बसलेलं नाही, काचच खाल्लीय.

यावर मग जरा डोकं घातलं. व्हिनेगर सोडा, टॉयलेटच्या ॲसिडने पण काचेला काही होत नाही, म्हणून तर ॲसिड काचेच्या बाटलीत ठेवतात. काचेला पटकन खाणारी जात एकच, फ्लोराइडवाली, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड नाहीतर अमोनियम बायफ्लोराइड. कडक डाग झटक्यात काढणाऱ्या काही लिक्विडमध्ये ते असतं, कारण सिलिकाचा थर त्याने विरघळतो, पण काच पण सिलिकाचीच की. उन्हात तापलेल्या काचेवर जरा जास्त वेळ राहिलं की संपलं. त्या बाटलीत नेमकं काय होतं याचा लॅब रिपोर्ट माझ्याकडे नाही, पण काचेची अवस्था बघून दुसरं काही सुचत नाही.

आणि पैशापेक्षा जास्त राग मला ज्याचा आला ते म्हणजे क्लिपमध्ये त्या पोराच्या हातात ग्लोव्ह्ज नाहीत. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. हे ॲसिड पातळ असेल तर लगेच भाजत नाही, काही तासांनी दुखायला लागतं, तोवर कातडीतून आत गेलेलं असतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात, ते या स्टॉलवर असणार आहे का? मालक चार पोरांच्या हातात बाटल्या देऊन मोकळा. सोसायटीची कमिटी स्टॉलचे पैसे घेते, पावती फाडते, पण बाटलीत काय आहे हे एकानेही विचारलेलं नाही.

डाग नवीन असतील तर खरं तर घरीच निघतात. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, सावलीत, काच गार असताना, कपडा भिजवून पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवायचा, मग पुसून भरपूर पाण्याने धुवायचं, आणि पेंटवर क्रोमवर ओघळू द्यायचं नाही. त्याने नाही गेले तर सेरियम ऑक्साइडची पॉलिश, काच ओली ठेवून. डेमोला बहुतेक तीच वापरली होती, पण वेळ खाते आणि पुढच्या काचेवर एकाच जागी घासत बसलात तर तिथून रस्ता वाकडा दिसायला लागतो. बाहेर करून घ्यायचंच असेल तर गाडीजवळ उभं राहा, डेमोची डबी आणि कामाची बाटली एकच आहे का ते बघा, आणि बाटलीवर लेबल नसेल तर तिथेच थांबवा.

स्टॉलवाल्यांना फोन केला तेव्हा म्हणाले वॉरंटी कार्ड वाचा सर. वाचलं. मागे बारीक अक्षरात, पाण्याचे डाग वॉरंटीत येत नाहीत!! अरे मग डाग काढायच्या कामाची वॉरंटी नेमकी कशाची देताय तुम्ही? वर ऑफर काय, तर परत येऊन फ्रीमध्ये मारून देतो. म्हणजे उरलेल्या काचा पण खायला देऊ का.

१९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. बिल नाही म्हणून अडेल असं वाटलं होतं पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरलीय. यूपीआयचा स्क्रीनशॉट, वॉरंटी कार्डचे दोन्ही बाजूंचे फोटो, क्लिप, भाईंनी काचेचं दिलेलं कोटेशन, सगळं जोडलं. त्यानंतर स्टॉलवाल्यांचा स्वतःहून फोन, २,००० परत देतो, सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज तेवढा काढा. नाही काढला. आता ग्राहक आयोगात ऑनलाइन टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

गेल्या रविवारी शेजारच्या सोसायटीत असाच स्टॉल दिसला, टीशर्टचा रंग वेगळा, नाव वेगळं. मुद्दाम जाऊन क्यूआर स्कॅन केला, अकाउंटचं नाव तेच.